डिलीटपंत

डिलीटपंतांना तुम्ही ओळखताच. चेहऱ्यानं नाही, टाळूनं. पक्षी पाहायला निघालेल्या घोळक्यात सगळ्यांच्या माना वर असतात तेव्हा एक डोकं खाली असतं. हनुवटी छातीला टेकलेली, उन्हाची तिरीप नको म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका तळहाताचा आडोसा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेल्या बटणावर. अधूनमधून एकच शब्द ऐकू येतो. ‘कचरा.’ मग टुक्. पुन्हा ‘कचरा.’ टुक्.

आमचे पंत तसे सज्जन. निवृत्त झालेत, गाडीच्या पेट्रोलचा हिशोब रुपया-रुपयापर्यंत चोख देतात, डब्यातल्या गुळपोळीला कधी नाही म्हणत नाहीत. पण काढलेला फोटो तिथल्या तिथे निकालात काढल्याशिवाय त्यांना पुढचा श्वास घेता येत नाही. चालत्या एसटीत उभं राहून तांदूळ निवडावेत, तसं हे काम ते भर जंगलात करतात.

भिगवणचंच घ्या. पहाटे कुंभारगावाहून होडी सुटलेली, उजनीच्या पाण्यावर धुकं, आणि समोर उथळात रोहित पक्ष्यांचा थवा चोची उलट्या घालून चरतोय. रोहित उभा असतो तेव्हा पांढुरकाच दिसतो. त्याची श्रीमंती पंखांत दडलेली. उडताना तो आधी पाण्यावर धावतो, मग पंख उघडतात आणि गुलाबी नि काळा रंग एकदम बाहेर पडतो. तेवढ्यासाठी माणसं अपरात्री उठून पुण्याहून येतात. होडीवाला हळूच म्हणाला, ‘आता उडत्याल बघा.’ सगळे सरसावले. पंत म्हणाले, ‘थांबा, हे आधीचे तेवढे बघून घेतो.’ रोहित थांबले नाहीत. अख्खा थवा आमच्या डोक्यावरून गेला. पंतांनी मान वर केली तेव्हा आभाळ मोकळं होतं.

‘उडाले का?’ त्यांनी विचारलं.

होडीवाल्यानं नुसतं वल्हं मारलं.

सिंहगडाच्या पायथ्याशी पाणवठ्यावर तेच. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढऱ्या लांब शेपटीनिशी पाण्यात बुडी मारून गेला, तेव्हा पंत आधी येऊन गेलेल्या बुलबुलाचा डोळा मोठा करकरून पाहत होते. ‘डोळा शार्प नाही. कचरा.’ टुक्.

पण कहर झाला तो एका मुंजीत. हौसेनं फोटो काढायचं त्यांनी अंगावर घेतलं. मातृभोजन झालं, आईनं बटूला घास भरवला, आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. पंतांनी दहा-बारा फोटो काढले आणि मांडवाच्या खांबाला टेकून तेवढेच पुसले. बटूची आई विचारायला आली तर म्हणतात, ‘सगळ्यांत त्याच्या तोंडात घास होता हो.’ मातृभोजनात तोंडात घास नसणार तर काय विडी असणार? त्या माउलीनं जेवणं होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि पंतांना ते कळलंही नाही, कारण ते खाली पाहत होते.

आम्ही समजावून सांगायचं सोडलं नाही. अहो, चौसष्ट जीबीच्या कार्डात हजाराहून जास्त फोटो मावतात, जागेची काय अडचण आहे? तीन इंची पडद्यावर, तेही उन्हात, फोटो बरा की वाईट ते कळतं तरी का? आणि बॅटरी खाते ती वेगळीच. पंत ऐकून घेतात. टुक्.

एकदा मी त्यांना छायाचित्रकार डर्क हॅलस्टेडची गोष्ट सांगितली. १९९६ साली एका कार्यक्रमात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी गर्दीतल्या एका तरुणीला मिठी मारली. हॅलस्टेड तेव्हा फिल्मवर काम करत होते, त्यामुळे तो किरकोळ फोटो इतर हजारोंबरोबर पडून राहिला. १९९८ मध्ये क्लिंटन यांचं लफडं बाहेर आलं आणि त्याच तरुणीचा, मोनिका ल्युइन्स्कीचा, चेहरा जगाला कळला, तेव्हा त्यांनी जुन्या पारदर्शिका धुंडाळून घेतल्या आणि तो फोटो ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर गेला. शेजारी उभे असलेले डिजिटलवाले बिनकामाचा म्हणून तोच क्षण कधीच पुसून बसले होते, असं हॅलस्टेड सांगत. पंतांनी शांतपणे विचारलं, ‘रोहित पक्ष्याचं पुढेमागे कुठलं लफडं बाहेर येणार आहे?’

मग मी गॅरी विनोग्रँड काढला. हा न्यू यॉर्कचा छायाचित्रकार टिपलेली रिळं वर्षवर्षभर धूतच नसे. फोटो काढतानाची नशा उतरल्यावरच त्याकडे पाहावं, असं त्याचं म्हणणं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा न धुतलेली अडीच हजारांच्या आसपास रिळं मागे होती. ‘म्हणजे त्यानं पाहिलेच नाहीत!’ पंत खूश झाले. ‘मी निदान पाहतो तरी.’

शेवटी व्हायचं ते झालं. भिगवणहून परतताना, यवतच्या आसपास, कॅमेऱ्यानं ‘सगळे?’ असं विचारलं आणि सवयीच्या अंगठ्यानं होकार दिला. टुक्. त्या दिवशी पंतांचा अख्खा चेहरा आम्ही पहिल्यांदा नीट पाहिला. चष्मा लावतात.

आता, पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही. कार्डावर फक्त ती जागा रिकामी असल्याची नोंद होते. नवा फोटो त्या जागी येऊन बसेपर्यंत जुना तिथेच असतो. पंतांचा हात आम्ही पुण्यापर्यंत कॅमेऱ्याला लागू दिला नाही. दुकानातल्या पोरानं कुठलंसं सॉफ्टवेअर लावलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं परत आणलं. सगळं म्हणजे होडीत पुसलेला कचराही, बराचसा.

तो आम्ही त्यांच्या घरी मोठ्या पडद्यावर पाहिला. हसायलाच जमलो होतो. तिसऱ्या-चौथ्या फोटोनंतर कुणी हसेना. एका फोटोत चौकटीच्या कडेला होडीवाल्याचा अर्धा चेहरा, त्याचं वल्हं, आणि मागे धुक्यात विरघळलेली रोहितांची ओळ. ‘क्षितिज तिरकं आहे,’ पंत पुटपुटले. असेल. आम्ही मंडळी त्याच दिवशी ग्रुपवर प्रत्येकी शंभर-दीडशे फोटो ओतून मोकळे झालो होतो. एकाच पक्ष्याच्या एकाच पायाचे. त्यांत असा एकही नव्हता. आमच्यातला खरा छायाचित्रकार कोण, हे लिहिताना मला फारसा आनंद होत नाही.

वहिनींनी चहा आणला आणि सहज सांगितलं, की कॉलेजात असताना हे साताऱ्यात एका स्टुडिओत काम करायचे. छत्तीस फोटोंचा रोल. मालक काँटॅक्ट शीट दिव्याखाली धरायचा, लाल पेन्सिलीनं फुल्या मारत जायचा. प्रत्येक फुलीला एकच शब्द बोलायचा आणि तेवढे पैसे पगारातून कापायचा. मालक गेला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. फुल्या मारायचं काम तेवढं पंत अजून इमानानं करतात, फक्त स्वतःच्याच फोटोंवर.

तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये असा कुणी असेल तर त्याला उपदेश करू नका, आमचा वाया गेलाय. होडी काठाला लागली की त्याच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घ्या आणि चिलापी माशाचं ताट पुढे सरकवा. काटे काढायला दोन्ही अंगठे लागतात.