बोनेटमधले काका

सिडकोत रविवारी सकाळी एक चक्कर मारा. एखाद्या तरी घरापुढं उघडं बोनेट आणि त्यात कमरेपर्यंत शिरलेले काका दिसतीलच. वाळूजच्या कुठल्याशा कंपनीत मेंटेनन्सला हयात गेलेली. निवृत्तीनंतर बिघडायला काहीतरी हाताशी हवं, म्हणून मारुती ८०० विकलेली नसते. कंपनीनं ती २०१४ साली बनवायची बंद केली, ही बातमी काकांनी अजून मनावर घेतलेली नाही.

काकांचा कुठल्याच मेकॅनिकवर विश्वास नाही. चाळीसगावचं लग्न उरकून परत येताना औट्रम घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. काकांनी लगेच हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढायची म्हणजे इंजिन वाचतं. उपाय शास्त्रशुद्ध, फक्त महिना मे आणि शेजारी शालूतल्या काकू. "अगं, इंजिन वाचतंय!" "आणि मी?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं निदान केलं, थर्मोस्टॅट अडकलाय. इथवर काका खूश होते. पण पुढं तो म्हणाला, "निकालके फेक दो काका, इधर थंडी किधर है?" हा सल्ला मराठवाड्यात सर्रास मिळतो, आणि काकांचं डोकं हमखास तापवतो. अहो, इंजिन गार असेतो पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही, हेच तर त्याचं काम! आतलं मेण वितळून फुगलं की झडप उघडते. ती काढून टाकली तर इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. हे काका दूधवाल्यालाही सांगतात.

शेवटी काम काकांनीच हाती घेतलं. गाडी रात्रभर गार झालेली. (गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्यांविषयी काका काय बोलतात, ते छापण्यासारखं नाही.) नळाला आठ-आठ दिवस पाणी न आलेलं पाहिलेलं हे शहर; रेडिएटरमधून बादलीत काढलेलं हिरवं पाणी बघून शेजारच्या वहिनी विचारतात, "झाडांना घालू का?" काका बोनेटमधूनच ओरडतात, "विष आहे ते, कूलंट!" मग दहाचा पाना, दोन बोल्ट, त्यातला एक खाली कुठंतरी घरंगळणार आणि गल्लीतली पोरं तो शोधणार. जुनं गॅस्केट खरवडायला दाढीचं अर्धं ब्लेड.

नवा थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय बसवतील तर ते काका कसले! गॅसवर पातेलं, आडव्या उलथन्याला दोऱ्यानं टांगलेले जुना आणि नवा, बुडाला न टेकता, आणि शेजारी थर्मामीटर. नव्यावर ८२ छापलेलं. पारा ऐंशीच्या पुढं गेला तशी नव्याची झडप हळूच खाली सरकली. जुना ढिम्म. "बघ, बघ!" काकू बघतच होत्या, पण पातेल्याकडं. "अहो, हे दुधाचं आहे ना?"

मग नवा बसवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, कूलंट ओतत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. तोवर निम्मी गल्ली जमलेली असते, आणि प्रत्येकाला वेगळा बुडबुडा दिसतो.

मेकॅनिकचं तासाभराचं काम दुपारी तीनला संपलं. पण काटा मध्यावर उभा आहे आणि हलत नाही, हे मान्य करावंच लागेल. तुमचीही गाडी तापत असेल तर काकांकडं जरूर न्या. पैसे घेणार नाहीत. पातेलं मात्र घरून घेऊन जा.