तीन तोळ्यांची दोरी

लालबागची बातमी आहे आणि खात्रीच्या माणसाकडून आली आहे. सोसायटीचा मेन्टेनन्स वेळेवर भरणाऱ्या, सुरमईशिवाय रविवार न काढणाऱ्या एका घरात तेरा फुटी काठी येऊ घातली आहे. गुढीची नव्हे, पडद्याची नव्हे. मासे पकडायची! गृहस्थ बँकेत अधिकारी, पन्नाशी उलटलेली, मुलीचं लग्न व्हायचंय. शोभतं का हे?

आता गळ टाकणं मुंबईला नवं नाही. भाऊच्या धक्क्यावर, वरळीच्या खडकांवर साधी काठी-चक्री घेऊन, गळाला कोलंबीचा तुकडा लावून बसलेली माणसं आपण रोज बघतो. नशिबात असेल तसा शिंगाळा मिळतो, बोय मिळते, फारच झालं तर तांबोसा. पिशवी घरी जाते, तवा तापतो, विषय संपतो. पवईच्या तलावावर तर रीतसर अँगलिंग असोसिएशन आहे. तलावात मगरी आहेत, तरी मंडळी काठाला बसतात. बसू देत. आमची हरकत आहे ती या दोन हातांनी पेलायच्या काठीला.

हे खूळ आणलं सिअ‍ॅटलच्या भाच्याने. तिकडे स्टीलहेड म्हणून मासा असतो. जात रेनबो ट्राउटचीच, पण हा नदीत जन्मून समुद्रात जातो, तिथे अंग धरतो आणि विणीला परत नदीत येतो. त्याला तिकडचे लोक ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात आणि हे कौतुकाने म्हणतात! हजारदा दोरी फेका, मग एकदा लागला तर लागला. एवढ्या फेऱ्या मारून तर आपल्याकडे म्हाडाचं घरसुद्धा पदरात पडतं.

काठी निवडणं म्हणजे तर स्थळ पाहण्याच्या वरताण. एका हाताची काठी नऊ फुटांची, ती नको. दोन हातांच्या अकरापासून पंधरा फुटांपर्यंत मिळतात. स्टीलहेडला साडेबारा ते साडेतेरा बरी. शिवाय काठीवर नंबर असतो, सात किंवा आठ. तो काठीच्या वजनाचा नव्हे, तिला किती वजनाची दोरी मानवेल त्याचा. कारण इथे शिसं लावून फेकायचं नसतं. आमिष म्हणजे हुकाला गुंडाळलेली पिसं, त्यांना वजन ते किती! म्हणून दोरीच जड घ्यायची आणि तिच्या जोरावर पिसं पुढे न्यायची. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीच्या नावाची एक आखूड, जाडजूड दोरी मिळते. सात नंबरच्या काठीला ती साधारण पाचशे ते साडेपाचशे ग्रेनची लागते. आता 180 ग्रेनचा एक तोळा, म्हणजे 540 ग्रेनचे बरोबर तीन तोळे. गृहस्थ फोनवर भाच्याला म्हणाले, “तीन तोळ्यांची घेऊन टाक.” आतून बाईंनी ऐकलं. त्या दिवशी चहाला आलं होतं, वेलची होती, बरोबर खारी होती. पार्सल उघडलं तर आत प्लॅस्टिकचं वेटोळं. त्यानंतरचा चहा कसा होता ते आम्हाला सांगवत नाही.

चक्रीची तऱ्हा आणखी वेगळी. ती हलकी असून चालत नाही. लांब काठी पुढे झुकते, तिचा तोल मुठीपाशी आणायला चक्रीला वजन हवं. ब्रेक मऊ हवा, नाहीतर मासा पळताना दोरीचं टोक तुटतं. आणि खऱ्या शौकिनांना तर जुन्या पद्धतीची, कर्रकर्र वाजणारी चक्री लागते. मासा पळू लागला की तिने बोंब ठोकायची, म्हणजे पलीकडच्या काठालाही खबर! चांगल्या अमेरिकन बनावटीची नुसती काठी हजार डॉलरच्या वर जाते. चक्री वेगळी, दोरी वेगळी आणि कस्टमचं नाव काढू नका.

पण दोन हात कशाला? तर नदीकाठी मागे झाडी असते, दोरी मागे झुलवायला जागा नसते. म्हणून स्कॉटलंडच्या स्पे नदीवरच्या लोकांनी दोरी समोरच्या पाण्यावरच टेकवून, वळसा देऊन पुढे फेकायची युक्ती काढली. गृहस्थ म्हणतात, मरीन ड्राइव्हवर मागे झाडी नसेल, पण मॉर्निंग वॉकवाले आहेत. मुद्दा बिनतोड. फक्त दोरी टेकवायला पायाशी पाणी लागतं आणि तिथे पायाशी टेट्रापॉड आहेत. तेव्हा काठी येईपर्यंत सराव शिवाजी पार्कवर, पहाटे, नेटच्या बाजूला, हातात छत्री धरून. बघणाऱ्यांनी मान वळवली, पण ओळख दिली नाही.

खरा कहर पुढेच आहे. भाच्याने व्हिडिओ कॉलवर हातभर मासा दाखवला. गिरगावातल्या आईने विचारलं, “तळणार की कालवण?” चिरंजीव म्हणाले, “सोडला.” सोडला! तिकडे म्हणे शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर बघायचा. कापलेला असला तर मासा हॅचरीचा, परवानगी असेल तर न्यायचा. शाबूत असला तर नदीचा, सोडायचाच. इकडे कोळणीसमोर कल्ले उघडून बघण्यात उभा जन्म गेलेल्या बाईने हे ऐकून काय करावं? तिने फोन ठेवला.

गृहस्थ आता म्हणतात, ही तयारी महसीरची. साहेबालाही त्याचं वेड होतंच. सायक्स साहेबाने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीराची शास्त्रात नोंद केली. थॉमस साहेबाने 1873 साली हिंदुस्थानातल्या गळावर आख्खं पुस्तक लिहिलं. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर महसीराची पिल्लं वाढवते. आणि महाडजवळ वाळणकोंडीत तर देवीचे मासे म्हणून कोणी त्यांना हातही लावत नाही. म्हणजे न खाण्यासाठी मासा राखायचं आपल्या लोकांना फुकट जमत आलंय. त्यासाठी डॉलर मोडावे लागले नाहीत!

एक मात्र झालं, तेही सांगून टाकतो. कालनिर्णयात संकष्टी आणि बँकेच्या सुट्ट्या बघणारा हा माणूस आता अष्टमी शोधतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्या दिवसांत पाण्याला ओढ कमी, हे त्यांना तोंडपाठ आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्म काढून आपल्यातल्या किती जणांना आज ओहोटी कधी लागते ते सांगता येईल? गृहस्थांनी हे ज्ञान नेहमीच्या कोळणीला ऐकवलं. ती म्हणाली, “येवढं कलायला लाख रुपये घातलंस?” आणि पापलेटाचा भाव शंभराने चढवला.

एवढं होऊनही खूळ पसरतंयच. वरच्या मजल्यावरच्यांनी परवा जिन्यात हळूच विचारलं, सात नंबर घ्यावी की आठ? अहो, नवशिक्याने सातच घ्यावी, आठने दिवसभरात खांदे भरून येतात. असं ऐकलंय हो आपलं. आम्हाला काय त्यातलं कळतंय!