काउंटरवरचे २.९५

पासबुकात २.९५ वजा झालेले दिसले, तर ते कशाचे म्हणून सहसा कोणी विचारत नाही. रक्कम किरकोळ, मागे रांग लांब. तरी विचारा. दहा हजारांपर्यंतची रक्कम शाखेत जाऊन एनईएफटीने पाठवली, तर बँक अडीच रुपयांपर्यंत शुल्क घेऊ शकते. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५ पैसे. झाले २.९५. तेच पैसे मोबाइलवरून एनईएफटीने पाठवले, तर बचत खातेदाराकडून काही घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० पासून बजावलेलं आहे.

आता काउंटरवर कोण येतं ते बघा. शिकायला गेलेल्या मुलाला खोलीभाडं पाठवणारी आई, डोळ्यांना स्क्रीनवरचं नीट न दिसणारे पेन्शनर, फसवणुकीच्या धास्तीने मोबाइल बँकिंग न घेतलेले शेतकरी. शुल्क भरतात ते हेच लोक. माझ्या मते निदान दहा हजारांपर्यंत तरी त्यांना काउंटरवरही माफी हवी.

मोठ्या रकमेला तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. बऱ्याच शाखांत एनईएफटी आणि आरटीजीएसचा फॉर्म एकच असतो. वरच्या दोन चौकोनांपैकी एकावर खूण करायची, खाली खातेक्रमांक दोनदा लिहायचा, सोबत चेक जोडायचा. ती खूण बहुतेक वेळा कर्मचारीच करून टाकतो. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे चालतं आणि पैसे लगेच जातात. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या फेरीने जातं. अडीच लाख पाठवायचे असतील तर आरटीजीएसला जास्तीत जास्त साडेचोवीस रुपये, एनईएफटीला पंचवीस. इथे आरटीजीएसच घ्यावं. सहा लाख असतील तर आरटीजीएसला साडेएकोणपन्नास, एनईएफटीला मात्र पंचवीसच. घाई नसेल तर निम्म्यात काम होतं. हे शाखेतले कमाल दर, वर जीएसटी. कमी घ्यायला बँकेला कोणी अडवलेलं नाही. आणि पैसे ज्याच्या खात्यात येतात, त्याच्याकडून काहीही कापायचं नाही.

आयएमपीएसचे दर ज्या त्या बँकेचे, मर्यादा पाच लाखांची. यूपीआयने घरच्या माणसाला पैसे पाठवायला काही पडत नाही.

शुल्कापेक्षा मोठं नुकसान एका चुकीच्या आकड्याने होतं. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खातेक्रमांकावर जमा होतात. फॉर्मवर लिहिलेलं नाव कोणी जुळवून पाहीलच असं नाही. आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं खरंच असलं, तर पैसे परक्याच्या खात्यात पडतात आणि परत मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला. ही सोय शाखेतल्या ग्राहकालाही आहे, आणि फुकट आहे. पण काउंटरवर ती आपणहून सांगणारे फार थोडे. तेव्हा फॉर्म आत सरकवताना स्पष्ट म्हणा, ‘आधी नाव काढून दाखवा, मग पाठवा. आणि शुल्क किती, तेही फॉर्मवर लिहून द्या.’ मागच्या रांगेने चुळबुळ केली तरी ऐकू नका.