दाजी, हवा मिळती का?

ट्रेलरमधला फर्नेस पेटत नाही म्हटल्यावर मला आधी आनंदच झाला. तो दिसू नये म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या, पण हेडलँप शोधायला ज्या चपळाईनं उठलो तिनं घात केला. "तू खूश झालायस," बायको रजईच्या आतून म्हणाली.

ट्रेलर घेणाऱ्या माणसाला निसर्गाची ओढ असते, हा लोकांचा गैरसमज आहे. ओढ असते ती मल्टिमीटरची. सॉफ्टवेअरच्या नोकरीत बिघडलेलं दिसत नाही आणि दुरुस्त केलेलंही दिसत नाही. ट्रेलरचं तसं नाही. तिथे जे बिघडतं त्याला स्क्रू असतात, आणि स्क्रू काढताना माणूस कर्तबगार दिसतो. निदान पाठमोरा तरी.

त्यातून या खेपेला प्रेक्षक तोलामोलाचा होता. सांगलीकडच्या साखर कारखान्यात उभी हयात बॉयलरवर काढून निवृत्त झालेले आमचे मेव्हणे. त्यांना टेक्सासातून कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्सला आणलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिल्या आणि "वाळू लई हाय" एवढाच अभिप्राय दिला. तळ आठ हजार फुटांवर, विजेची जोडणी नाही, सप्टेंबर सरत आलेला. रात्री पारा शून्याकडे निघाला तसे मेव्हणे कानटोपी, दोन स्वेटर आणि बहिणीची शाल अशा थाटात कोपऱ्यात बसले. मी व्याख्यान सुरू केलं.

"हे बघा दादा, याचा एक क्रम असतो. थर्मोस्टॅटनं मागणी केली की आधी पंखा फिरतो. जुना गॅस कुठे साचला असेल तर तो बाहेर ढकलायचा. वारा पुरेसा झाला की एक पातळ पत्रा उचलला जातो, तो सेल स्विच. तो म्हणतो, वारा आहे. मग सर्किट बोर्ड गॅसची व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पाडतो. ज्योत दिसली नाही तर गॅस बंद. असं तीनदा करून बघायचं, नाही जमलं तर गप्प बसायचं."

तीनदा करून न जमल्यास गप्प बसायची अक्कल त्या बोर्डाला कारखान्यातूनच घालून देतात. आमच्याकडे अशी सोय नाही.

मी पुढे चालूच. बॅटरी मोजली, मीटरवर 12.4, मीटर मेव्हण्यांच्या नाकासमोर धरून आकडा दाखवला. शेगडी पेटवून निळी ज्योत दाखवली, म्हणजे सिलिंडरात प्रोपेन आहे. मग कान लावून ऐकायला लावलं. पंख्याची घरघर, एक 'टक्', म्हणजे व्हॉल्व्ह उघडली, म्हणजे सेल स्विच शाबूत. मागोमाग 'चट् चट् चट्', ठिणगी. मग काही नाही. नुसता गार वारा, तोही अगदी मन लावून.

"दाजी," मेव्हणे म्हणाले, "हवा मिळती का बघा त्याला."

तेच मी पुढे सांगणार होतो. एकाच मोटरवर दोन पंखे असतात, एक खोलीतली हवा फिरवतो आणि दुसरा जाळाला बाहेरची हवा पुरवतो. पहिला ठणठणीत असून दुसऱ्याची वाट बंद असू शकते, हा माझ्या व्याख्यानाचा कळस होता. तो त्यांनी पाच शब्दांत आटोपला. मला ते मुळीच आवडलं नाही. म्हणून मी मुद्दाम बॅटरी परत मोजली.

तेवढ्यात बायको उठली आणि म्हणाली, "तुझं होईपर्यंत शेगडी तशीच पेटती ठेवू का?"

मी ओरडलो. चांगलाच ओरडलो. बंद ट्रेलरमध्ये उबेसाठी शेगडी जाळून रात्रीत माणसं गेलेली आहेत. गॅस गळला तर नाकाला कळतं, कारण त्यात मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो. अर्धवट जळण्यातून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला वासच नाही. भिंतीवर त्याचा अलार्म होता, पण अशा बाबतीत मी अलार्मवरही विसंबत नाही. हे सगळं नीट सांगता आलं असतं. पण आवाज चढला, कारण दिवसभराचा तो एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर मला खरोखर येत होतं.

ती चिडली नाही. हळूच म्हणाली, "मला नकोय रे. दादा सांगायचा नाही. त्याच्या पायाला हात लावून बघ."

मी वाकून मोज्याच्या आत बोटं घातली. पावलं थंडगार पडली होती. आणि मेव्हणे दचकून पाय आखडून घेत म्हणाले, "अहो दाजी, हे काय! तुम्ही न्हाई पाया पडायचं आमच्या!" घरच्या जावयानं पाया पडल्याचं पाप टाळण्याच्या गडबडीत त्यांनी गरम पाण्याची पिशवीही आधी नाकारली.

मग मी गॅस बंद केला आणि गुमान बाहेर गेलो.

बाहेरच्या पत्र्याला फर्नेसची दोन भोकं असतात, एक हवा घ्यायचं, एक धूर सोडायचं. हेडलँपचा झोत टाकला तर धुराच्या भोकात माती. सारवल्यासारखी गुळगुळीत, कडेकडेनं बोटांएवढ्या नळ्या रचलेल्या. कुंभारीण माशी!

आता इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण कुंभारणीबद्दल मला फार आदर आहे. लहानपणी कोकणातल्या घरात तिनं कुलपाचं भोक सोडलं नाही, प्लगची भोकं सोडली नाहीत, आजोबांच्या हार्मोनियमचंही एक छिद्र बुजवून त्याला कायमचा दमा लावला. ट्रेलरवाले म्हणतात की तिला प्रोपेनचा वास ओढून आणतो. मला ते पटत नाही. तिला भोक दिसलं की पुरे. चिखलाची एकेक गोळी तोंडातून आणते, नळी बांधते, मग कोळी पकडून आणते. त्यांना मारत नाही, नांगी मारून नुसतं सुन्न करते, म्हणजे पोराला ताजं खायला मिळावं. नळी कोळ्यांनी भरायची, आत एक अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. मागे वळून बघणं नाही, व्याख्यान नाही.

तिच्या कामाची दहशतही मोठी आहे. 6 फेब्रुवारी 1996 च्या रात्री डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग 757 काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. 189 माणसं होती, एकही वाचला नाही. विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं आणि वेग मोजणाऱ्या नळ्यांना टोपणं घातलेली नव्हती. कॅप्टनसमोरचा काटा खोटा वेग दाखवत राहिला. ती नळी कधी हाती लागली नाही, पण तपास करणाऱ्यांचा संशय गेला तो कुंभारणीच्या घरट्यावर. एवढीशी माती. हे मी रात्री, आठ हजार फुटांवर, भोकात डोळा घालून उभा असताना आठवायला नको होतं.

आमचा ट्रेलर टेक्सासच्या उन्हात सगळा उन्हाळा उभा होता. तिनं तो रिकामा समजला यात तिचं काय चुकलं? मी कपड्यांचा हँगर सरळ करून माती उकरली. ढेकळं फुटली तसे हिरवट, पिवळसर, वाटाण्याएवढे कोळी तळहातावर पडले. एकाचा पाय अजून हलत होता. पलीकडच्या कप्प्यात तपकिरी कागदी कोश होता, आत अळी. ती मातीसकट उचलून एका झुडपाखाली ठेवली. त्या थंडीत तिचा काही निभाव लागणार नाही हे मला माहीत होतं, तरी ठेवली.

भोक मोकळं झालं. गॅस उघडला, आत येऊन थर्मोस्टॅट लावला. घरघर, टक्, चट् चट्, आणि मग तो भरदार 'हुप्प' आवाज! जाळीतून गरम वारा आला. मी वळून प्रेक्षकांकडे पाहिलं. बायको पाण्याची पिशवी दादांच्या पायाशी सरकवत होती. मेव्हणे उठले, जाळीसमोर हात धरला, मान डोलावली आणि सरळ जाऊन डोक्याकडची खिडकी बोटभर उघडली.

"दादा, अहो, आत्ताच कुठे गरम होतंय!"

"असू द्या की दाजी. जाळ हाय तिथं हवा खेळती पायजे."

मी म्हटलं, अहो, हा जाळ हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच नाही, हे मघाशी मी सविस्तर सांगणारच होतो. त्यांनी कानटोपी ओढून घेतली. खिडकी बंद करायला मी हात पुढे केला तर कानटोपीच्या आतून आवाज आला, "दाजी, झोपा आता."