कोयनेच्या पायथ्याशी विजेचा शोध

कऱ्हाडाहून कुंभार्ली घाट उतरताना आमच्या विजेच्या मोटारीने जो पराक्रम केला, तो ऐकून पेट्रोलवाले वाचक आम्हांस थापाडे ठरवतील. परंतु उतारावर गाडी आवरताना चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जमा होते, हे शास्त्रसिद्ध असल्यामुळे माथ्यावरची २८ टक्के शिल्लक पायथ्याशी ३१ झाली, आणि आमच्या मेहुण्यांनी, बँकेने चुकून जादा व्याज दिल्यासारखा, समाधानाने मिशीवर हात फिरविला.

घाट संपतो तेथे पोफळी. येथेच डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह आहे. ज्या प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट, आणि ज्याचे पाणी वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीस मिळते, त्याच्या शेजारच्या चिपळुणात आमची ३० युनिटांची बॅटरी भरण्यास कोणती हरकत असणार?

सरकारचीही नव्हती. गाडी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब तीस परवाना नको, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच केला होता. आणि २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही अंगांस दर २५ किलोमीटरांवर एक केंद्र मुक्रर केले होते. या भरवशावर आम्ही एका हॉटेलच्या आवारात दाखल झालो.

यंत्र होते. ३० किलोवॅटचे, सीसीएस-टू जातीचा दांडगा प्लग मिरवणारे, तासाभरात आम्हांस ८० टक्क्यांपर्यंत नेऊ शकणारे. मात्र त्याच्यासमोर लग्नाच्या वऱ्हाडाची डिझेल जीप विसावली होती. तिचा चालक पंगतीतून श्रीखंडाच्या वाटीसह उठून आला व त्याने जागा करून दिली, हा त्याचा मोठेपणा. मग यंत्राने अ‍ॅप मागितले, अ‍ॅपने ओटीपी आणि ओटीपीने रेंज. रेंज हमरस्त्यापलीकडे, आणि स्कॅन करावयाचा क्यूआर यंत्राच्या कपाळावर. त्यामुळे मेहुणे मोबाईल घेऊन रस्त्याच्या दोन्ही तीरांवर येरझारा घालीत असता, हिरवी नंबरप्लेट पाहून जमलेल्या मंडळींची सरबराई माझ्याकडे आली. “एका चार्जिंगला किती जाते?” हा प्रश्न प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचारला, एका निवृत्त गुरुजींनी “पावसात शॉक बसत नाही ना?” असे विचारून गाडीपासून दोन पावले माघार घेतली. अखेर वॉलेटात आगाऊ रकमेचा भरणा झाला, केबल खटकन बसली, पडद्यावर आकडे हलले, आणि लाईट गेली.

“आता येईल हो,” असे हॉटेलचा पोऱ्या म्हणाला. कधी, हे त्यास विचारणे अप्रशस्त वाटले.

आमचा उद्धार केला तो गल्लीतल्या एका लॉजच्या मालकांनी. “लावा की काका, गिझरच्या प्लगाला लावा, पण दहानंतर, तोवर पाण्याचा पंप चालू असतो,” इतक्या अटीवर त्यांनी खिडकीतून तार सोडू दिली. तो प्लग १५ अँपिअरचा. तासाला जेमतेम तीन युनिटे देणारा. पण त्याला ना अ‍ॅप, ना ओटीपी, ना वॉलेट. सकाळी मालकांनी बोटांवर हिशेब करून युनिटांचे पैसे खोलीच्या बिलात मिळविले, आणि पावतीवर ‘गरम पाणी’ असे लिहिले.

तात्पर्य विचारू नये. सल्ला मात्र फुकट आहे. विजेच्या गाडीने लहान गावी मुक्काम करणाऱ्याने खोलीचे भाडे नंतर विचारावे, आधी प्लगाचे अर्थिंग विचारावे. ते नसेल तर चार्जर तांबडा दिवा लावून स्वस्थ बसतो.