गरम पाण्याचं वेळापत्रक

लंडनच्या पश्चिमेला स्लाव, रेडिंग या पट्ट्यात आयटीतली बरीच मराठी घरं रुजली आहेत. त्यांतल्या शहाण्यांचे आई-बाबा उन्हाळ्यात येतात. ज्यांना दिवाळी नातवंडांसोबतच करायची असते, त्यांच्यावर मात्र पुढे डिसेंबर उजाडतो. म्हणजे कॅलेंडरवर उजाडतो. खिडकीबाहेर आठ वाजले तरी नाही. आणि दुपारी चारला सूर्य मावळतो. या दोन अंधारांच्या मध्ये पाहुण्यांना न्यायचं कुठे, हा प्रश्न रेडिंगच्या अशाच एका घरात जेवणाच्या टेबलावर आला, तेव्हा आजोबा गुडघा चोळत होते. सुनेने संधी साधली.

"बाबा, बाथला जाऊ या. रेल्वेने तासाभराचा प्रवास. गरम पाण्याचे झरे आहेत."

"गरम पाण्यासाठी तिकीट काढायचं?" आजोबा म्हणाले. "मग वज्रेश्वरी काय वाईट होती?"

दुखणं पुढे करून बाथला जायची रीत तशी जुनीच. १७०२ आणि १७०३ साली राणी अ‍ॅन तिथे उपचारांसाठी गेली, आणि बघता बघता निम्म्या उमरावांचे सांधे धरले. एवढी श्रीमंत दुखणी एका गावात जमल्यावर त्यांची संध्याकाळची सोय कोण बघणार? ती बघायला ब्यू नॅश नावाचा एक जुगारी पुढे आला. आधीचा व्यवस्थापक द्वंद्वात मारला गेला होता, त्यामुळे जागा रिकामीच होती. नॅशने गावात तलवारी बाळगायला बंदी केली, नाचाच्या दालनात बूट घालून येणाऱ्यांना हाकललं, मनाला येईल ते भाडं सांगणाऱ्या पालखीवाल्यांना दर बांधून दिले. पाहुण्यांचा दिवसही ठरून गेला: भल्या सकाळी स्नान, मग पंप रूममध्ये पेल्यांनी पाणी पिणं, न्याहारी, चर्च, फेरफटका, संध्याकाळी नाच किंवा पत्ते. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये, हा मंत्र मराठी प्रवाशाला सहल कंपन्यांनी दिला, त्याच्या कितीतरी आधीचा हा टूर मॅनेजर.

रेडिंगच्या घरातला नॅश म्हणजे मुलगा. त्याने लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडले. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिथे ख्रिसमस बाजार भरतो, हॉटेलं महाग होतात आणि गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून जानेवारी ठरला. नऊ ते अकराच्या रकान्यात 'रोमन बाथ्स' असं आलं, आणि आजोबांनी टॉवेल किती न्यायचे ते विचारलं.

इथे पहिली ठेच लागली. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात बांधलेलं ते कुंड आजही भरलेलं आहे. झऱ्यातून दिवसाला साडेअकरा लाख लिटरहून जास्त पाणी येतं, तेही ४६ अंश सेल्सियस तापमानाचं. तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे आहेत. वरचं छप्पर कधीच पडलं, त्यामुळे ऊन लागून शेवाळ धरतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. ते बघायचं, फोटो काढायचे आणि पुढे सरकायचं. हात घालायलासुद्धा मनाई. शहरातल्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी १९७८ मध्ये अमीबाच्या संसर्गाने दगावली, तेव्हा गावातलं असं सगळंच सार्वजनिक स्नान बंद झालं.

"म्हणजे बाथला जाऊन आंघोळ नाही?"

"आहे, बाबा. थर्मे बाथ स्पामध्ये."

थर्मे बाथ स्पाची कथा मात्र कोणत्याही नगरपालिकेत शोभावी अशी. उघडायचा होता २००२ साली. २००३ च्या ऑगस्टमध्ये उद्घाटनाच्या नावाने पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास या तीन दिग्गजांचं गाणं झालं. स्पा तरीही बंदच. रंगाचे पोपडे निघाले, वाद झाले, खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी वर गेला आणि शेवटी २००६ मध्ये दार उघडलं. आता गच्चीवरच्या तलावात गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसून, डोकं थंडीत ठेवून, समोर अ‍ॅबी चर्चचा मनोरा बघता येतो. यासाठी हिवाळाच हवा. उन्हाळ्यात पाण्यावरची वाफ दिसत नाही.

पण सोळा वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. नात नऊ वर्षांची. तिच्याजवळ कोण थांबणार, यावर चर्चा सुरू व्हायच्या आत आजींनी विचारलं, "आणि पाण्यात उतरायचं ते काय घालून?"

सुनेने सांगितलं. आजी नातीजवळ थांबायला एका पायावर तयार झाल्या. मग सुनेनेच मोबाइलवर वाचून दाखवलं की, सतराव्या शतकात सिलिया फाइन्स ही प्रवासी बाई बाथला आली, तेव्हा बायका पिवळ्या जाड कॅनव्हासचे घोळदार झगे घालून उतरत. कापड इतकं कडक की पाणी भरून ते फुगे आणि आतल्या बाईचा आकारच कळत नसे.

"तो झगा आता मिळत नाही का?" आजींनी विचारलं.

पाणी पिण्याबद्दलही त्यांचं मत स्वच्छ होतं. मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरतो, तापतो आणि हजारो वर्षांनी बाथमध्ये वर येतो. त्यात त्रेचाळीस खनिजं असतात. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या सॅम वेलरला त्याला तापल्या इस्त्रीची चव लागली होती. आजी रात्रीचं पाणी सकाळी ओतून देणाऱ्या. हजारो वर्षांचं शिळं पाणी म्हटल्यावर त्यांनी थर्मास काढून ठेवला.

त्यांचं मन वळलं ते देवीमुळे. झऱ्याची देवता सुलिस मिनर्व्हा. रोमन काळात लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर तक्रार कोरायचे, गुंडाळी करायचे आणि झऱ्यात टाकायचे. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत, आणि बहुतेकांत चोरीचीच फिर्याद आहे. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धी आणि डोळे दोन्ही जावोत, असं त्याने देवीला विनवलं. चोर सुटू नये म्हणून पुरुष असो की बाई, दास असो की स्वतंत्र, अशी कलमंही लोक घालायचे. काहींनी तर संशयितांची यादीच जोडली.

"गाऱ्हाणं आहे हे," रत्नागिरीच्या आजी म्हणाल्या. "नीट घातलंय." गेल्याच आठवड्यात त्यांचा डाव्या हाताचा लोकरी मोजा बसमध्ये राहिला होता. रोमन बाथ्सचा वेळ त्यांनी तासाने वाढवून घेतला.

सुनेचा हट्ट रॉयल क्रेसेंटचा. १७६७ ते १७७४ मध्ये धाकट्या जॉन वुडने बांधलेली तीस घरांची ही चंद्रकोर. पहिल्या क्रमांकाचं घर 'ब्रिजर्टन' मालिकेत झळकलं, एवढं कारण तिला पुरे होतं. मुलाने वेगळी माहिती काढली: वुडने फक्त दर्शनी भिंत आखून दिली, मागचं घर ज्याने त्याने आपापल्या मर्जीने बांधलं. त्यामुळे पुढून एकसारखी, मागून प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आणि १९७० च्या दशकात २२ क्रमांकाच्या मालकिणीने पांढऱ्या दारांच्या रांगेत आपलं दार पिवळं रंगवलं. नोटिसा आल्या, चौकशी बसली, बाई जिंकल्या. सोसायटीच्या कमिटीत बारा वर्षं काढलेल्या आजोबांना रोमनांपेक्षा हे प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटलं. चंद्रकोर चढावर आहे, हे मात्र मुलाने त्यांना सांगितलं नाही. नॅशच्या पालखीवाल्यांची सोय आता नाही; टॅक्सीचा रकाना त्याने गुपचूप घातला.

राहिली परतीची गाडी. आधी काढलेलं ठरावीक गाडीचं तिकीट स्वस्त, पण गाडी चुकली की गेलं. ऑफ-पीक तिकिटावर गर्दीची वेळ सोडून कुठलीही गाडी चालते, आणि तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असली तर एक तृतीयांश सूट. मुलाचा कल पहिल्याकडे होता: साडेपाचची गाडी, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

"दोन्ही बाजूंना दुकानं असलेला पूल आहे म्हणे," आजी म्हणाल्या. "तिथे जरा वेळ लागेल."

मुलाने नॅशचा दाखला दिला. नाच रात्री अकराला थांबायचा म्हणजे थांबायचा. राजकन्या अमेलियाने अजून एकच नाच मागितला, तरी नॅशने वाजवणाऱ्यांना वाजवू दिलं नव्हतं.

"तिची आई नसेल बरोबर," आजी म्हणाल्या.

ऑफ-पीकची चार तिकिटं आणि मुलीचं अर्धं, असं ठरलं.