आज काय निघाला?

आमच्या घरात दोन प्रकारची माणसं आहेत. भाव पडेल म्हणून थांबणारी आणि भाव वाढेल म्हणून थांबणारी. मी पहिल्यातला, दादा दुसऱ्यातला. मी सगळा जन्म नांदेडला पगारावर काढला, त्यामुळं माझ्याकडं विकायला काही नव्हतं, नुसतं घ्यायचं होतं. दादानं लातूरकडं चाकूर तालुक्यात शेती केली, त्यामुळं त्याला नुसतं विकायचंच होतं. थांबलो मात्र दोघंही. माझ्या थांबण्याला आई काटकसर म्हणायची आणि दादाच्या थांबण्याला हिंमत. दोन्हीचा हिशेब शेवटी एकच लागतो हे तिला कळत होतं, पण लेकरं तिचीच, सांगते कोणाला.

दादाच्या थांबण्याला आधार आहे. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. नेमकं तेव्हा त्याच्या घरात पसाभर सोयाबीन नव्हतं. तेव्हापासून तो दरवर्षी कट्टे खोलीत थप्पी लावून ठेवतो आणि कोणी काही बोललं की म्हणतो, “एकवीस साली दहा हजार बघितलाय मी.” बघितलाय, घेतला नाही. गेल्या हंगामाला सरकारचा हमीभाव होता 5328, आणि दिवाळीत बाजारात साडेचार हजारही कोणी द्यायला तयार नव्हतं. त्यात सप्टेंबरच्या पावसानं भिजलेला माल. आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाणा दाताखाली चावतो आणि लांबचा पाहुणा गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणतो, “ओल हाय.”

माझ्या थांबण्यालाही आधार आहे, तोही अमेरिकेतला. गॉर्डन मूर नावाच्या गृहस्थांनी 1965 साली लिहून ठेवलं की चिपवर मावणारे भाग ठरावीक काळानं दुप्पट होत जाणार. याचा अर्थ मी माझ्यापुरता असा काढला की आज कॉम्प्युटर घेणारा मूर्ख. 2001 साली एमएससीआयटी सुरू झालं आणि आमच्या गल्लीत घरोघरी कॉम्प्युटर आले, त्यांच्यावर विणलेली टोपडी आली; मी थांबलो. शेवटी 2018 साली घेतला. त्या वर्षी नेमकी रॅम चढलेली होती. आठ जीबीच्या एका पट्टीला सहा हजार मोजले, आणि वर्षभरात ती जवळपास निम्म्यावर आली. सतरा वर्षं थांबून मी शिखरावर जाऊन खरेदी केली.

शिवाय दोन हजार वाचवले होते, ते वेगळंच. दुकानदार आठव्या पिढीचा प्रोसेसर दाखवत होता. शेजारी सातव्या पिढीचा शिल्लक माल दोन हजारांनी स्वस्त. मी सातवी पिढी घेतली. पुढं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की विंडोज 11 आठव्या पिढीपासून पुढंच चालेल, आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला वाऱ्यावर सोडलं. एका पिढीनं हक्क गेल्याची प्रकरणं तहसीलला पुष्कळ असतात. कॉम्प्युटरमध्ये माझं पहिलंच असावं.

तर गेल्या वर्षी पुतणीला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. श्री गुरू गोविंदसिंगजी कॉलेज म्हणजे मराठवाड्यात कोणापुढंही नाव काढावं असं. पण दादाच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर थोडी हारही दिसली. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिलेले. महसूल आयुक्तालय कुणाकडं, हे भांडण अजून धुमसतंय. आणि लातूर पॅटर्नमध्ये शिकलेली पोरगी शेवटी नांदेडच्या पदरात. “शिकवायचं आम्ही, आणि मिरवायचं तुम्ही,” असं म्हणत त्यानं तिची ट्रंक माझ्या दारात उतरवली आणि कॉम्प्युटर घ्यायचं काम माझ्यावर टाकलं. म्हणजे थांबणाऱ्याच्या हातात दिलं.

ऑगस्टमध्ये वजिराबादेत यादी काढून आणली. सोळा जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, मॉनिटर धरून बेचाळीस हजार. मी म्हणालो, दिवाळीत ऑफर लागते, थांबू. दादा म्हणाला, सोयाबीन निघू दे, थांबू. एखाद्या गोष्टीवर आम्हां भावांचं असं एकमत वाटणीतही झालं नव्हतं. दिवाळीनंतर त्याच यादीचे एकोणपन्नास झाले. मी म्हणालो, सणाची तेजी आहे, उतरेल. डिसेंबरात अठ्ठावन्न. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “सोनं साठ हजारांवर होतं तेव्हाही हेच म्हणाला होतात.” त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. सोनं एव्हाना लाखाच्या पुढं जाऊन बसलं होतं.

त्या महिन्यात मी दुकानात इतक्या खेपा घातल्या, की मला चहा विचारणं त्यांनी बंद केलं. पण गिऱ्हाइकं बघण्यासारखी होती. एक सेवा केंद्रवाला आला होता. पीकविमा, सातबारा, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, सगळं तालुक्याचं ओझं त्याच्या चार जीबीवर. त्याला आणखी चार टाकून घ्यायचे होते. भाव ऐकून तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, “एवढ्याची तर माझी खुर्ची, टेबल आन् प्रिंटर मिळून हाय.” एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मागच्या महिन्यातलं कोटेशन घडी घालून खिशात ठेवलं होतं. कागदावर दुकानाचा शिक्का आहे तर भाव बदलतोच कसा, हा त्यांचा सवाल. दुकानदारानं काचेवर चिकटवलेली चिठ्ठी दाखवली: ‘कोटेशन फक्त आजच्या दिवसापूरते.’ मास्तरांनी ती चष्मा लावून वाचली आणि ‘दिवसापुरते’मधला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला.

दुरुस्तीच्या टेबलापाशी तर वेगळीच गंमत. पूर्वी लोक सीपीयू टाकून निघून जायचे, दोन दिवसांनी यायचे. आता समोर बसून राहतात. दळणाला बाई जशी गिरणीत डब्याशेजारी उभी राहते, आपल्या पिठात दुसऱ्याचं पीठ येऊ नये म्हणून, तशी बाप्ये माणसं डोळ्यांत तेल घालून पाहतात की आपली पट्टी आपल्यालाच मिळते ना. कारागीर पोरगा रॅम काढतो, शाळेच्या दप्तरातलं असावं तसं खोडरबर घेतो आणि पट्टीच्या सोनेरी दातांवरून अलगद फिरवतो. काळा चुरा झटकून फुंकर मारतो, परत खाचेत दाबतो, दोन्ही बाजूंनी टक टक आवाज येतो. स्क्रीन उजळते. निम्मे कॉम्प्युटर म्हणे एवढ्यानंच बरे होतात. एका गिऱ्हाइकानं मात्र त्याला थांबवलं. “जास्त घासू नको बे, सोनं जाईल.”

हे सगळं मी रात्री फोनवर दादाला सांगितलं. “पण वाढायलेत कामून?” त्यानं विचारलं. मला वाटलं, आता हे कसं समजावावं. एआय, डेटा सेंटर, एचबीएम. सुरुवात केली: जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या पिकवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आता एआयच्या मोठमोठ्या यंत्रांना वेगळ्या जातीची, एकावर एक थर रचलेली मेमरी लागते. तिला पैसा भरपूर मिळतो. म्हणून कारखान्यांनी तिकडं तोंड वळवलं आणि...

“म्हणजे पेरा बदलला,” दादा म्हणाला.

मी गप्प. “आरं, आपण ज्वारी सोडून सोयाबीन पेरलं, मग ज्वारी महाग झाली का नाही? कडबा मिळंना झाला का नाही? तसंच हाय ते.” मी तीन रात्री इंटरनेटवर वाचून जे धड सांगू शकत नव्हतो, ते त्यानं बांधावर बसून दोन वाक्यांत उरकलं. मग मी त्याला मायक्रॉनची बातमी सांगितली: 3 डिसेंबरला त्यांनी जाहीर केलं की तुमच्याआमच्यासाठी क्रुशियल नावानं विकायची ती रॅम फेब्रुवारीनंतर बंद, इथून पुढं मोठ्या गिऱ्हाइकांनाच माल. “बरोबर हाय. किरकोळ कोण विकत बसतंय. आडत्याला एकगठ्ठा लागतंय,” दादा म्हणाला. नवा कारखाना का काढत नाहीत म्हणालास तर दोन-तीन वर्षं लागतात, मी म्हणालो. “केशर आंबा लावल्यासारखं,” तो म्हणाला. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मी सांगितलं, तिथं चिप पिकत नाही, बाहेरून आलेली पारखून पॅक करतात. “म्हणजे दालमिल,” तो म्हणाला. मला आता त्याला आणखी काही सांगायची भीती वाटायला लागली होती.

तरी एक सांगितलंच. 2011 साली थायलंडमध्ये महापूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इकडं नांदेडात हार्ड डिस्क महागली होती. फोनवर बराच वेळ शांतता. मग दादा म्हणाला, “म्हणजे त्यांच्याकडं पूर आला तर भाव वाढतो. आपल्याकडं आला तर ओल धरतेत.”

पुतणी या सगळ्या काळात कोणालाही न विचारता स्वतःचं बघत होती. तिनं एकदाच मोबाइलवर एआयला विचारलं, रॅम कधी स्वस्त होईल. मी म्हणालो, “ज्यानं खाल्ली त्यालाच विचारायलीस!” त्यानं फार सभ्य, लांबलचक उत्तर दिलं. सार असं होतं की थांबावं, किंवा थांबू नये. मग तिनं माझा 2018 चा कॉम्प्युटर पलंगाखालून ओढला, त्यावर विंडोजऐवजी उबंटू टाकलं आणि सांगितलं, “काका, चालतंय. फक्त आठ जीबीची अजून एक पट्टी टाकू.” अठ्ठावन्न हजारांवरून गोष्ट एका पट्टीवर आली, तेव्हा दादानं नांदेडला यायचं ठरवलं. पैसा कमी असला की तो स्वतः येतो.

येताना तो वाटेत माळेगावला उतरला. खंडोबाची यात्रा भरलेली होती. दर्शन घेतलं, घोडे बघितले, बैलांचे भाव विचारले आणि त्याच चालीत, अंगावर धूळ आणि कपाळावर भंडारा तसाच ठेवून, माझ्याबरोबर वजिराबादेत दुकानात आला. मी आधीच विचारून ठेवलं होतं, जुनी आठ जीबी कितीला घ्याल. दुकानदारानं दादासमोर सांगितलं, “तीन हजार देऊ.” आणि नवी? “साडेपाच.” दादानं माझ्याकडं पाहिलं. “तू कितीला घेतली होतीस?” सहा हजार. “सात वर्षं वापरून, एकदाही आंघोळ न घालता पलंगाखाली ठेवून, तीन हजार?” ट्रॅक्टरलाही असं होत नाही, हे त्याला बोलायचं होतं, पण तो ट्रॅक्टरवर कर्ज असल्यामुळं गप्प बसला.

आता सौदा. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “फिक्स रेट आहे, अंकल.” दादानं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. मागं गादीवर पोराचे वडील बसले होते, पांढरी टोपी, हातात जपमाळ. दादानं खांद्यावरचा टावेल काढला, सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि हात पुढं केला. म्हातारबांनी क्षणभर पाहिलं. मग माळ मांडीवर ठेवून त्यांनीही हात पुढं केला, आणि दादानं दोघांच्या हातांवर टावेल टाकला.

दुकान थांबलं. गेमिंगच्या खुर्च्या बघायला आलेली दोन पोरं मोबाइल उगारून शूटिंग करायला लागली. टावेलाखाली बोटं हलत होती. चारी बोटं धरली की काय, अंगठा सोडला की काय, आम्हांला काही कळेना. म्हातारबा मान हलवायचे, दादा डोळे मिटायचा. मध्येच दोघंही हसले. बैलबाजारात हजारांचे आकडे असे ठरताना मी लहानपणी पाहिले होते, पण चार बोटं रुंद असलेल्या हिरव्या पट्टीवर पहिल्यांदाच. शेवटी टावेल निघाला. म्हातारबा पोराला म्हणाले, “दे.”

“किती ठरले?” मी विचारलं. “ते सांगायचं नसतंय,” दादा म्हणाला.

पण आता बिल असतं. अठरा टक्के जीएसटीसकट आकडा कागदावर छापून बाहेर आला: साडेपाच हजारांपैकी दीडशे रुपये सुटले होते, आणि एक माऊसपॅड फुकट. दादानं बिल न वाचताच त्याची घडी घातली. माऊसपॅड त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे कशाला लागतंय?” घरी जाऊन त्यानं त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. तो अजून तिथंच आहे.

दोन पट्ट्या मिळून सोळा जीबी झाले. पुतणीचा अभ्यास चालू आहे. आणि रोज सांजच्याला लातूरच्या बाजारातली सोयाबीनची खबर सांगून झाली की दादा विचारतो, “बरं, तिकडं आज काय निघाला?” मला कळत नाही असं दाखवलं तर स्पष्ट करतो, “पट्टीचा रे.” परवा मी सांगितलं, आणखी चारशेनं चढली. त्यानं फोन कानाला तसाच धरून वहिनीला हाक मारली, तिला तो आकडा सांगितला आणि पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्यानं घेतल्यावर भाव वाढलेली ही पहिलीच वस्तू होती.

“विकायची का मग?” मी गमतीनं विचारलं.

“येडा का खुळा? पोरीची परीक्षा झाली की काढून कपाटात ठेव,” तो म्हणाला. “एकवीस साली दहा हजार बघितलाय मी.”